कुकरमधला सोळा नंबर

दादांचं वजन साडेएकोणपन्नास किलो भरलं आणि सर्जनने ऑपरेशनची तारीख पुढे ढकलली. "एक्कावन्न करून आणा," तो म्हणाला. "इतक्या अशक्त माणसाची छाती मी उघडणार नाही." अठरा दिवसांची मुदत मिळाली. दादा घरी आले, चपला काढल्या आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

झटका येऊन गेल्याला सहा आठवडे होत आले होते. तेव्हापासून घरात उकडलेली गाजरं, उकडलेला पालक आणि पांढरं पातळ सूप यांचं राज्य होतं. दादा तीन घास खायचे, चौथ्याला चमचा खाली ठेवायचे आणि पोट भरलं म्हणायचे. चाळीस वर्षं भट्टीसमोर उभं राहून अख्ख्या रस्त्याला चिनी जेवणाचे डबे भरून दिलेल्या माणसाचं पोट तीन घासांत भरतं, यावर घरात कोणाचाच विश्वास बसत नव्हता. ते रुसले होते, आणि कोणावर रुसलेत हे विचारायची कोणाची छाती नव्हती.

"हवंय तरी काय तुम्हाला?" सासूबाईंनी त्या संध्याकाळी विचारलं.

"सोळा नंबर," दादा भिंतीला म्हणाले.

सोळा नंबर म्हणजे दुकानाच्या पाटीवरचा सोळावा पदार्थ. पिठात घोळवून तळलेलं चिकन, संत्र्याच्या सालीच्या आणि लाल मिरचीच्या दाट रसात परतलेलं. दादांच्या वडिलांनी तो एका बोटीवरच्या चिनी आचाऱ्याकडून उचलला होता, आणि दुकान त्याच्याच जिवावर उभं राहिलं. घरात पदार्थांना नावं नव्हतीच, सगळा आकड्यांचा कारभार. सुनेला पाहून आल्यावर दादांनी "मुलगी बारा नंबर आहे" एवढाच निकाल दिला होता. बारा नंबर म्हणजे अंडं घातलेला साधा भात. पोटाला बरा, पण मुद्दाम मागायला कोणी येत नाही. सुनेने ती गोष्ट अठरा वर्षं हसून सांगितली होती, आणि प्रत्येक वेळी ती थोडी लागली होती.

"सोळा नंबर मिळणार नाही," नणंद म्हणाली. ती हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची आणि घरी आल्यावर उरलेल्या जगाची तपासणी करायची, म्हणून तिला सगळे तपासणी म्हणायचे, ती नसताना. "एका डब्यात दिवसभराचं तेल आणि दोन दिवसांचं मीठ असतं. मी हिशोब काढून बघितलाय."

"मग गाजरं खाऊन वाळू दे का त्यांना?" सासूबाई म्हणाल्या. "अठरा दिवसांत कुठून आणायचं दीड किलो? तुझ्या कागदातून?"

कागद फ्रिजवर चिकटवलेला होता. त्यात काय चालेल ते चार ओळींत होतं आणि काय चालणार नाही ते पानभर.

"आई, मी काय माझ्या सुखासाठी लिहिलंय?"

"तसं नाही म्हटलं मी."

"तसंच म्हटलंस."

दोघींनी मग एकदमच थोरल्याकडे पाहिलं. थोरला, म्हणजे सुनेचा नवरा, दारात चपला शोधत होता. घरात आवाज चढला की त्याला दुकान उघडायची वेळ झालेली असायची. "संध्याकाळची गर्दी सुरू होईल," तो म्हणाला. "तुम्ही ठरवा, मला काय, काहीही चालेल."

सुनेला त्याचा राग आला, आणि रागाच्या भरातच तिच्या तोंडून निघून गेलं, "मी करते सोळा नंबर. कुकरमध्ये. तळायचं नाही, साखर नाही, चमचाभर तेल."

"तू?" सासूबाई म्हणाल्या. त्यात कुत्सितपणा नव्हता. त्यांना खरोखरच नवल वाटलं होतं.

नवल वाटण्यासारखंच होतं. दुकानात भट्टीच्या अलीकडे फरशीवर एक पांढरा पट्टा मारलेला होता. पट्ट्यापलीकडे कढईवर घरचा पुरुष, पट्ट्याअलीकडे गिऱ्हाईक आणि ती. तिचं काम ऑर्डर घेऊन आत ओरडायचं. ती म्हणायची, "एक सोळा." आतून उत्तर यायचं, "चढवला." अठरा वर्षांत तिने हजारो सोळा आत पाठवले आणि हजारो "चढवला" ऐकले. दादा तर तिला काउंटर म्हणूनच हाक मारायचे, घरीसुद्धा. कढई हातात घ्यावी असं तिला किती वेळा वाटलं होतं, पण ते बोलून दाखवायची वेळ कधी आलीच नाही, आणि आपणहून बोलायचा तिचा स्वभाव नव्हता.

दादांनी भिंतीकडचं तोंड वळवलं नाही. "कुकरमध्ये," ते एवढंच पुटपुटले, आणि त्यांनी पांघरूण डोक्यावरून घेतलं.

बुधवारी दुपारी साडेतीनला, म्हणजे दुकानाची सकाळची पाळी संपून घरची जेवायची वेळ होते तेव्हा, नणंद अर्धी रजा टाकून वजनकाटा घेऊन हजर झाली. ओट्यावर तिने कातडी काढलेलं चिकन मोजलं, तेलाचा चमचा काठोकाठ भरलाय का ते डोळा लावून पाहिलं, कमी मिठाच्या सोया सॉसची बाटली उजेडात धरून तिच्यावरचं बारीक अक्षर वाचलं.

"ताई, बाटली गुन्हेगार नाहीये," सून म्हणाली.

"गुन्हेगार असंच म्हणतात," नणंद म्हणाली, आणि बऱ्याच दिवसांनी दोघी हसल्या.

सासूबाई मात्र स्वयंपाकघराच्या दारातच उभ्या होत्या. त्या सारख्या घड्याळाकडे बघत होत्या. सुनेला ते जाणवलं, पण विचारायला वेळ नव्हता. तिने अर्धं चिकन वाटीत घेतलं, फसलं तर असू दे म्हणून उरलेलं अर्धं झाकून ठेवलं. आलं-लसूण चमचाभर तेलात परतलं, वर संत्र्याचा रस, व्हिनेगर, सॉस आणि चार सुक्या मिरच्या घातल्या. चिकन कॉर्नफ्लॉवरमध्ये घोळवलं, आत सोडलं आणि झाकण लावलं.

मग तिघी शिटीची वाट बघत बसल्या.

पाच मिनिटं झाली. आठ झाली. कुकर धुसफुसत होता, कडेने वाफ सोडत होता, पण शिटी काही वर येईना. नणंदेने गॅस वाढवला. सुनेने तो कमी केला. सासूबाई म्हणाल्या, रबर जुनं झालं असेल. नणंद म्हणाली, रबर मागच्याच महिन्यात बदललंय. आणि तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला, सहा आठवड्यांत पहिल्यांदाच एवढा मोठा.

"बंद कर तो. पीठ लावलंस ना आधी?"

सुनेने गॅस बंद केला. लावलं होतं. दुसऱ्या कुठल्या घरात ही चूक झाली नसती. पण अठरा वर्षं पट्ट्याच्या अलीकडून तिने एकच गोष्ट पाहिली होती, की चिकन पिठात घोळल्याशिवाय विस्तवाजवळ जात नाही. तळायचं नाही हे तिच्या लक्षात होतं. पीठ तळण्यासाठी असतं, हे लक्षात नव्हतं. पिठाची खळ होऊन ती कुकरच्या बुडाला बसली होती आणि करपल्याचा वास आता आतपर्यंत गेला होता.

ती कुकर नळाखाली धरून गार करत होती तेव्हा मागे पावलं वाजली. दादा भिंतीचा आधार घेत दारात आले होते. सासूबाईंनी पुढे केलेला हात त्यांनी बाजूला केला.

"स्टूल द्या," ते म्हणाले.

स्टूल आलं. दादा ओट्याशी बसले, त्यांनी झाकण उघडायला लावलं आणि आत पाहिलं. सुनेला वाटलं, आता ते उठून जाणार, पुन्हा भिंतीकडे तोंड करणार, आणि अठरा दिवसांतले दोन आपण उगाच घालवले. तिला रडू यायला लागलं होतं.

"बूड काढ घासून," दादा म्हणाले. "चिकन उरलंय का?"

"अर्धं आहे."

"पुरे झालं. पीठ शेवटी. झाकण उघडल्यावर, पाण्यात कालवून. आधी नाही." ते थोडं थांबले, दम खाल्ला. "बोटीवर पण शेवटीच घालायचे."

"कुठल्या बोटीवर?" नणंदेने विचारलं.

"आमच्या बाबांच्या. तिथे उकळत्या तेलाची कढई कोण ठेवणार? बोट हलते. तेल उसळलं तर आचारी भाजायचा. तो चिनी म्हातारा बंद भांड्यातच करायचा, झाकणावर जड वजन ठेवून. तळणं सगळं नंतर आलं, दुकान काढल्यावर. गिऱ्हाइकाला कुरकुरीत पाहिजे म्हणून. मग गिऱ्हाइकाला गोड पाहिजे म्हणून साखर." दादांनी ओट्यावरून एक संत्रं उचललं. "हे एवढं सगळं मी कोणाला सांगितलंच नाही की काय?"

सांगितलं नव्हतंच. दुकानाचा रस दादा रोज सकाळी सहाला याच स्वयंपाकघरात दार लावून करत. ते दार मुलासाठीही कधी उघडलं नव्हतं.

आज ते उघडंच होतं. दादांनी सुनेकडून संत्र्याची साल काढून घेतली, आतला पांढरा भाग सुरीने खरवडून टाकायला लावला, नाहीतर कडू होतं म्हणाले. मिरच्या कोमट पाण्यात भिजवून मग ठेचायच्या. आलं जास्त, लसूण कमी. मोजमाप विचारलं की ते मूठ उघडून दाखवत. नणंद प्रत्येक चिमूट काट्यावर ठेवून आकडा लिहून घेत होती, आणि दादा तिच्याकडे बघत होते, पण त्यांना त्याचा राग येत नव्हता.

"सॉस दोनच चमचे," नणंद म्हणाली.

"दोनच. व्हिनेगर वाढव, मिठाची आठवण होणार नाही." दादांनी वाटी नाकाशी नेली. "सूनबाई, अजून थोडी साल."

सूनबाई. काउंटर नव्हे. तिने साल किसली आणि खाली बघत राहिली, कारण वर बघितलं असतं तर डोळे सगळ्यांना दिसले असते.

झाकण लागलं. त्याच वेळी बाहेरचं दार उघडलं आणि थोरला आत आला. त्याच्या हातात दुकानाचा डबा होता. सासूबाईंनी दारातूनच डोळ्यांनी त्याला खुणावलं, परत जा, परत जा. पण थोरल्याला खाणाखुणा कधीच कळल्या नव्हत्या.

"आई, आणलाय गं सोळा नंबर," तो म्हणाला, आणि मग त्याला स्टुलावरचे दादा दिसले.

नणंदेने वही मिटली. "आई?"

"हो, मीच सांगितलं आणायला," सासूबाई म्हणाल्या. "चाळीस वर्षं ह्या माणसाबरोबर काढलीत मी. उपाशी जाऊ देऊ? एक घास खाऊन जर भूक चाळवली असती..."

"बरं केलंस," दादा म्हणाले. "दे इकडे."

"दादा, नको," नणंद म्हणाली. सुनेला वाटलं आपणही म्हणावं, पण ती घाबरली होती वेगळ्याच कारणाने. त्या डब्यात काय आहे हे तिला माहीत होतं.

दादांनी डबा उघडला. खाल्लं नाही. नुसता वास घेतला, बोट रसात बुडवून जिभेला लावलं आणि डबा ओट्यावर ठेवला.

"हा कोणाचा?"

थोरला चपला काढायला वाकला.

"मी विचारतोय, रस कोणी केला?"

"बाजारचा आहे," थोरला म्हणाला. "तयार मिळतो. डब्यात येतो, पाच किलोचा."

"कधीपासून?"

"तुम्ही हॉस्पिटलात गेल्यापासून."

"गिऱ्हाइकं काय म्हणाली?"

"काहीच नाही म्हणाली."

हे दादांना सगळ्यात जास्त लागलं. त्यांचा चेहरा उतरलेला सगळ्यांना दिसला. त्यांनी डबा दूर सरकवला. "आणि पहिला डबा?" त्यांनी विचारलं. "तो खातोस का?"

दुकानाचा एकच नियम होता, बोटीवरून आलेल्या बाबांनी घालून दिलेला. सकाळी कढईतून उतरलेला पहिला सोळा विकायचा नाही. तो ज्याने केला त्याने भट्टीसमोर उभं राहून खायचा, सगळा. संपवता आला नाही तर त्या दिवशी सोळा नंबर पाटीवरून पुसायचा. दादांनी चाळीस वर्षांत अकरा वेळा पुसला होता आणि त्या अकराही तारखा त्यांना पाठ होत्या.

"नाही खात," थोरला म्हणाला. "जळजळतं मला."

"काउंटर," दादा म्हणाले, "तुला माहीत होतं?"

सूनबाईची पुन्हा काउंटर झाली होती. नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. नाही म्हणाली असती तर तो एकटा पडला असता, हो म्हणाली असती तर दोघंही. "हो," ती म्हणाली. "रिकामे डबे मीच टाकत होते."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार दादा? रस कसा करायचा ते तुम्हालाच विचारावं लागलं असतं. ह्यांनी दोनदा ठरवलं होतं विचारायचं. खोलीच्या दारापर्यंत येऊन परत फिरले. विचारलं तर तुम्हाला वाटलं असतं, आता माझं काही खरं नाही, म्हणून हे सगळं लिहून घ्यायला बसलेत." आता थांबणं शक्य नव्हतं. "आणि खरं सांगू, ह्यांना कढई आवडत नाही. कधीच आवडली नाही. तुमच्यासाठी उभे राहतात. मला आवडते, आणि मी पट्ट्याच्या अलीकडे आहे."

सासूबाईंनी पदराने ओट्याचा कोपरा पुसला, जिथे काही सांडलेलं नव्हतं. थोरला बायकोकडे बघत होता. आपली एखादी जुनी ठुसठुस दुसऱ्याने बोलून दाखवली की माणूस जसा बघतो, तसा.

कुकरने शिटी दिली.

"एकच," दादा म्हणाले. "बंद कर. वाफ आपोआप जिरू दे, घाई करू नकोस."

वाफ जिरायला दहा मिनिटं लागली. त्या दहा मिनिटांत नणंदेने वही उघडून थोरल्याला दाखवली. "सगळं लिहिलंय, ग्रॅममध्ये," ती म्हणाली. "उद्यापासून तो पाच किलोचा डबा दुकानात दिसला तर मीच फोडीन." थोरला म्हणाला, "फोड की. मीच धरतो." सासूबाईंनी त्याने आणलेला सोळा नंबर गुपचूप उचलून मागच्या दाराशी नेऊन ठेवला.

सुनेने झाकण उघडलं. रस पातळ होता, तांबूस, वर संत्र्याचा वास. तिने कॉर्नफ्लॉवर पाण्यात कालवून थोडं थोडं सोडलं आणि ढवळत राहिली. दादा तिच्या हाताकडे बघत होते. रस चमच्याच्या पाठीला धरायला लागला तसं ते "बस" म्हणाले, आणि ते म्हणायच्या क्षणभर आधीच तिने गॅस बंद केला होता.

नणंदेने वाटी काट्यावर ठेवून भरली. "दोनशे दहा ग्रॅम," ती म्हणाली.

दादांनी वाटी घेतली आणि स्टुलावरून उठले. एक हात ओट्यावर टेकला आणि गॅससमोर उभे राहिले.

"अहो, बसून खा," सासूबाई म्हणाल्या.

"पहिला डबा आहे," दादा म्हणाले.

ते सावकाश खात होते. एक घास, दोन घास, तीन. चौथ्याला चमचा खाली जातो का, म्हणून चौघंही बघत होते. चौथा तोंडात गेला. पाचवाही. पाय थरथरायला लागले तेव्हा थोरला मागे जाऊन उभा राहिला आणि त्याने बापाच्या पाठीला हात लावून धरला. दादांनी तो हात बाजूला केला नाही.

"कुरकुरीत नाही," दादा म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "पण हा बाबांचा आहे. माझ्यापेक्षा बाबांच्या जवळचा आहे हा." मग त्यांनी चमच्याने वाटीच्या कडेचा रस निपटून घेतला आणि वाटी ओट्यावर पालथी घातली. सुनेला हुंदका आला. तिने तो दाबला नाही.

"उद्या पट्टा पुसून टाका," दादा स्टुलावर टेकत म्हणाले. "रॉकेलने निघतो. आणि उद्याचा पहिला डबा सूनबाई खाईल. ह्याला जळजळतं."

"मग मी काय करू?" थोरल्याने विचारलं. त्याच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती त्याला लपवता आली नाही.

दादांनी पालथी वाटी पुन्हा उताणी केली आणि मुलापुढे सरकवली.

"काउंटर," ते म्हणाले, "ऑर्डर दे. मला अजून पाहिजे."

थोरल्याला कळायला थोडा वेळ लागला. मग त्याने घसा साफ केला आणि गॅसपाशी उभ्या असलेल्या बायकोकडे वळून, अठरा वर्षं ती ज्या सुरात म्हणायची त्याच सुरात म्हणाला, "एक सोळा."

तिने पळी हातात घेतली.

"चढवला," ती म्हणाली.